कांडप-मसाल्याचं दुकान आणि ख्रिस्ती विश्वास: रविवार, दशांश, खंडेनवमी, उधारी कशी सांभाळायची?

मिरज_कांडप (प्रश्न)

सर्वांना जय ख्रिस्त.

मिरजेत कांडप केंद्र (मिरची-मसाला कुटून देण्याचं) आहे, लागूनच मसाल्याचं छोटं दुकान. दोन कांडप मशीन, हळद दळायला एक पल्वरायझर, तीन कामगार. त्यातल्या दोघी बायका, एक पोरगा. तिघंही हिंदू, कामाला चोख. फेब्रुवारी ते मे चटणीचा हंगाम, बाकीचे महिने हळद, धनेपूड, गरम मसाला यावर चालतं.

उपदेश नको, तो दर रविवारी मिळतो. पद्धत हवी आहे. हंगामात सगळ्यात जास्त गिऱ्हाईक रविवारीच येतं, कारण नोकरीवाल्यांना तोच दिवस मोकळा. मग दुकान बंद ठेवायचं का? दशांश (मिळकतीचा दहावा भाग, देवाच्या कामाला) विक्रीवर काढायचा की नफ्यावर? व्यापारी म्हणतो "बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल", त्याला काय सांगायचं? खंडेनवमीला कामगारांना मशीनची पूजा करायची असते, तिथं मालक म्हणून कुठं उभं राहायचं? आणि दुकानाच्या पाटीवर, पिशवीवर वचन छापावं का?

जाणकारांनी नेमकं सांगावं.

---

तराजू_माप

ताई, तुम्ही पाच गोष्टी विचारल्यात, पण कांडपात विश्वासाची खरी कसोटी लागते ती जागा त्यात आलीच नाही. ती म्हणजे काटा. बायबलमधली ही वचनं बघा: लेवीय १९:३५-३६, अनुवाद २५:१३-१५, नीतिसूत्रे ११:१. वजन-मापाबद्दल शास्त्र इतक्या वेळा बोलतं, त्यामुळे सुरुवात तिथून करा.

इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी वैध मापन शास्त्राच्या निरीक्षकाकडून पडताळून, सील करून घ्यावा लागतो आणि ते प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावावं लागतं. हे सगळे करतात. पण काटा वर्षातून एकदाच बिघडतो असं थोडंच आहे? कांडपात तर तो फारच लवकर बिघडतो. मिरचीची बारीक पूड ताटाखाली साचते, वर पंखा असेल तर वाऱ्याने आकडा हलतो, फरशी एका बाजूला कललेली असते, कुणीतरी पन्नास किलोचं पोतं तीस किलोच्या काट्यावर आदळतो. म्हणून मुद्रांकित (सरकारी शिक्क्याचं) लोखंडी वजन, एक किलोचं आणि पाच किलोचं, दुकानात ठेवा. सकाळी शटर उघडलं की आधी ताट उचलून ब्रशने झाडा, काट्यातला पाण्याचा बुडबुडा मध्ये आहे का बघा, मग पाच किलोचं वजन मध्ये आणि नंतर चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. कोपऱ्याला आकडा बदलत असेल तर आतला लोडसेल (वजन ओळखणारा भाग) गेला. तो दुरुस्त झाल्यावर परत पडताळणी आणि सील, नुसतं मेकॅनिककडून आणून वापरायचा नाही. सकाळच्या या तपासणीला दोन मिनिटं लागतात.

दुसरी चूक बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. तीस किलोच्या काट्याचा टप्पा बहुधा ५ ग्रॅमचा असतो. म्हणजे आकडा पाच-पाच ग्रॅमनेच सरकतो. अशा काट्यावर ५० ग्रॅम लवंग तोलली तर अडीच ग्रॅम इकडे किंवा तिकडे कळतच नाही, म्हणजे पाच टक्के. काट्याच्या पट्टीवर किमान वजन लिहिलेलं असतं. या काट्याला ते १०० ग्रॅम येतं. त्याखालचं काहीही त्यावर तोलू नका. लवंग, वेलदोडा, दगडफूल, जायपत्री यांना एक ग्रॅमच्या टप्प्याचा छोटा काटा वेगळा घ्या. महाग मालातच लहान वजनं असतात, त्यामुळे फसवणूक, जाणूनबुजून नसली तरी, नेमकी महाग मालात होते.

पिशवीचं वजन टेअर बटणाने वजा करा. विसरायला होतं म्हणून रिकामी पिशवी काट्यावर ठेवल्याशिवाय डाव भरायला घ्यायचाच नाही, असा नियम पोराला घालून द्या.

आता कांडप. गिऱ्हाईक पाच किलो मिरची घेऊन येतं आणि परत नेताना "कमी कशी?" म्हणतं. कमी होणार हे खरंच आहे. देठ निघतात, मिरची कडक वाळलेली नसेल तर कुटताना ओल उडते, धूळ उडते, थोडं उखळात चिकटतं. पण यातला किती वाटा निसर्गाचा आणि किती मालकाचा, हे गिऱ्हाइकाला कळत नाही आणि तिथंच बोट ठेवायला जागा राहते. उपाय साधा आहे. चिठ्ठीवर चार वजनं लिहायची: आणलेली मिरची, देठ काढून, खोबरं-तीळ-लसूण-मीठ-तेल घातल्यावर, आणि परत देताना. चारही गिऱ्हाइकासमोर. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, प्रत्येकीचे पाच-पाच घाणे असे तोलून बघा, म्हणजे तुमच्या मशीनची नेहमीची घट किती ते तुम्हालाच कळेल. तो आकडा भिंतीवर लावा. घट त्याच्या वर गेली तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी तुम्ही शोधा: मुसळाखाली साचलंय, चाळण फाटलीय, की कुणी डबा बाजूला सारलाय.

उखळात राहिलेलं कुणाचं? ज्याची मिरची त्याचं. प्रत्येक घाण्यानंतर ब्रशने उखळ झाडून ते त्याच पिशवीत. "झाडलोट मालकाची" ही रीत बऱ्याच ठिकाणी चालते. दिवसभरात पन्नास घाणे झाले तर ती झाडलोट किलोत जाते आणि संध्याकाळी सुटी चटणी म्हणून विकली जाते. तिच्यात कुणाकुणाचं मीठ, कुणाचं तेल, कुणाची बुरशी लागलेली मिरची असते देव जाणे. ती विकायचीच नाही.

हळदीबद्दल एकच सांगतो, पण ते नीट वाचा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीच्या पेठेत कर्नाटक, तेलंगणातूनही हळद येते आणि ती वाईट असते असं मुळीच नाही. पण सांगलीच्या पेठेत सौदा झाला म्हणून हळद सांगलीची होत नाही. बाहेरची हळद दळून पाकिटावर "अस्सल सांगली हळद" छापलं तर वजन बरोबर असूनही माप खोटंच आहे. "उत्तम हळद पूड" एवढंच छापा, आणि विचारलं तर कुठली ते सरळ सांगा.

रंगाची भेसळ तपासायची तर ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड टाका आणि न ढवळता ठेवा. चांगली पूड तळाशी बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर संशय घ्या. अख्ख्या हळकुंडाला पॉलिश करताना शिशाचा पिवळा रंग लावलेला असू शकतो, तो ओल्या बोटाला लागतो. मिरची पूड पाण्यावर शिंपडा. रंगाच्या रेघा खाली उतरल्या तर कृत्रिम रंग, तळाशी खरखरीत बसलं तर विटेची भुकटी किंवा वाळू. संशय आला तर प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल येईपर्यंत तो लॉट विकू नका. "व्यापाऱ्यानं दिलं तसं मी विकलं" हे अन्न निरीक्षकाकडेही चालत नाही आणि दुसरीकडेही नाही.

---

हिशेबनीस_सांगली

दशांश आणि बिल, दोन्ही माझ्या वाट्याचे.

विक्रीवर दशांश काढू नका. तसं सांगणारे भले असतात, पण त्यांनी किराणा-मसाल्यातला नफा पाहिलेला नसतो. नुसतं समजण्यासाठी आकडे धरू. महिन्याची विक्री ४,००,०००. मालाची खरेदी ३,३६,०००. भाडं, वीज, पगार, पॅकिंग ४०,०००. उरले २४,०००. विक्रीवर दशांश म्हणजे ४०,०००, उरलेल्यापेक्षा जास्त! तो द्यायचा तर व्यापाऱ्याचे किंवा कामगाराचे पैसे अडकवूनच द्यावा लागेल. दुसऱ्याच्या पैशातून दिलेलं दान हे दान नव्हे.

आता नफा म्हणजे काय, इथं गोंधळ होतो. २४,००० मधून मशीनच्या कर्जाचं व्याज वजा करा. समजा हप्ता ९,००० आहे, त्यात व्याज ३,५०० आणि मुद्दल ५,५००. वजा होणार फक्त ३,५००. मुद्दल फेडणं हा खर्च नाही, तुमची मालमत्ता वाढतेय. राहिले २०,५००. मशीन झिजतं, त्याचे महिना हजार बाजूला टाका: १९,५००. दशांश १,९५०. घरखर्चाला काढलेले पैसे, मुलांची फी, घराचा हप्ता यांची वजावट नाही. ते दशांश काढून झाल्यावर. लोक नेमकं उलटं करतात, घरखर्च आधी काढतात आणि मग "काही उरलंच नाही" म्हणतात.

तुमचा धंदा हंगामी आहे म्हणून महिन्यामहिन्याने हिशेब करू नका. एप्रिलला भरपूर दिसेल, ऑगस्टला उणे दिसेल. दर महिन्याला एक ठरलेली रक्कम द्या आणि तीन महिन्यांनी खरा नफा काढून फरक भरा. ३१ मार्चला उरलेला माल मोजायलाच हवा. पोती भरून हळद घेतली असेल आणि ती गोदामातच असेल तर नुसत्या खरेदी-विक्रीवरून नफा कमी दिसतो, प्रत्यक्षात तसं नसतं. उधारीवर विकलेल्या मालाचा दशांश पैसे हातात आल्यावर. आणि गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी तुमचा नव्हेच, तो मिळकतीत धरायचा नाही.

मंडळीला (चर्चला) देताना यूपीआयने द्या, पावती घ्या. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीला आयकराची वजावट मिळत नाही, नवीन करपद्धतीत तर मिळतच नाही, आणि निव्वळ धार्मिक संस्थेला दिलेलं बहुधा बसत नाही. त्यामुळे वजावटीकडे बघून देऊ नका, पण वहीत स्वच्छ दिसेल असं द्या. कोषाध्यक्षाच्या हातात रोख दिलेला दशांश पावतीविना राहिला की पंच कमिटीत (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत) भांडण ठरलेलं. पौलाने वर्गणी नेताना सोबत माणसं घेतली होती ती याच कारणासाठी (२ करिंथ ८:२०-२१).

एक आवडीची जागा सांगतो. मत्तय २३:२३ मध्ये पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देणाऱ्यांना प्रभू झापतो. मसाल्याच्या दुकानात लावायला यापेक्षा नेमकं वचन नाही. दशांश सोडा असं तो म्हणत नाही; न्याय सोडून दशांश मोजू नका म्हणतो.

आता बिल. "बिलाशिवाय घ्या" यात तोटा कुठं लपलेला असतो ते सांगतो. एक पोतं कच्च्या चिठ्ठीवर घेतलं की ते तुमच्या खरेदीत दिसत नाही. मग त्यातून झालेली विक्री बिलात दाखवता येत नाही, कारण न घेतलेला माल विकला कसा? म्हणजे विक्रीही कच्ची. तो रोखीचा पैसा बँकेत भरता येत नाही, मग पुढची खरेदीही कच्चीच. एका पोत्याने सुरू झालेली गोष्ट वर्षभरात दोन वह्यांपर्यंत जाते, आणि दोन वह्या म्हणजे अनुवाद २५ मधली पिशवीतली जड आणि हलकी अशी दोन वजनंच की. हळदीवर कर पाच टक्के आहे. पाच टक्क्यांसाठी एवढा पसारा!

व्यापाऱ्याला वाद न घालता सांगा: "माझी वही एकच आहे, बिलात बसेल तो भाव द्या." दोन-तीनदा म्हणाल, मग तो विचारायचा थांबेल.

जीएसटी नोंदणीचं एक लक्षात ठेवा. निव्वळ माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा आहे, पण गिऱ्हाइकाची मिरची मजुरीवर कुटून देणं ही सेवा. माल आणि सेवा दोन्ही असतील तर २० लाखांची मर्यादा धरावी लागते. अनेक कांडपवाले इथंच अडकतात. कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) घेतलं तर उलाढालीच्या एक टक्का कर स्वतःच्या खिशातून, गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही, बिलावर तसं लिहायचं, राज्याबाहेर विक्री नाही, आणि सेवेचा वाटा मागच्या वर्षीच्या उलाढालीच्या दहा टक्के किंवा पाच लाख यातलं जे जास्त असेल तेवढाच. कंपोझिशनमध्ये असून बिलावर पाच टक्के लावून घेणारे पाहण्यात येतात. तो कर नसतो, सरळ गिऱ्हाइकाच्या खिशात घातलेला हात असतो.

---

वाई_रस्ता

रविवारबद्दल थोडक्यात. कायद्याने रविवारीच बंद ठेवा असं नाही. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी मिळाली पाहिजे. म्हणजे निर्णय तुमचा.

अर्धवट उपाय करू नका. "उपासना झाल्यावर बाराला उघडतो" असं ठरवलं की साडेदहापासून फोन सुरू होतात, प्रभुभोजनाला रांगेत उभं असताना मोबाईल थरथरतो आणि साडेअकराला तुम्ही मागच्या दाराने निघता. बंद तर पूर्ण बंद. त्याबदली हंगामात शनिवारी रात्री नऊपर्यंत मशीन चालू ठेवा आणि कामगारांना जादा तासांचा दुप्पट दर द्या. नोकरीवाल्यांसाठी एक सोय करा. शनिवारी संध्याकाळी किंवा सोमवारी सकाळी मिरची ठेवून जायची, चिठ्ठीवर वजन आणि क्रमांक, पुढच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी तयार पिशवी. बऱ्याच जणांना मशीनपाशी उभं राहून ठसका खायचा नसतोच. जी बाई "माझ्यासमोरच कुटा" म्हणते तिला शनिवारचा नंबर द्या.

शटरवर "रविवारी बंद" एवढं पुरे. खाली कारण लिहायची गरज नाही. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) मात्र आठवडाभर आधी लिहून लावा. तो मार्च-एप्रिलमध्ये, ऐन हंगामात येतो आणि दर वर्षी तारीख बदलते. लांबून मिरचीची पाटी घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवणं बरं नव्हे.

---

कुपवाड_शॉप

खंडेनवमीवर सांगतो. वर्कशॉपवाल्यांना हा प्रश्न दर वर्षी येतो.

पहिली गोष्ट, निर्णय आदल्या दिवशी सांगू नका. श्रावणातच सांगा. ऐन वेळी "नको" म्हटलं की ते कामगाराला अपमान वाटतं.

मला बरोबर वाटते ती रीत अशी. आदल्या दिवशी मशीन पूर्ण बंद करून सगळ्यांनी मिळून धुवायचं, पट्टे तपासायचे, बेअरिंगला ग्रीस, मोटरची धूळ झाडायची. हे मालकाने स्वतः हात काळे करून करायचं. खंडेनवमीला कामगारांना आपल्या हत्यारांची पूजा करायची असेल तर त्यांनी करावी. ती त्यांची श्रद्धा, आणि पगार देतो म्हणून ती आपल्या ताब्यात येत नाही. पण मालक आरतीचं ताट हातात घेत नाही, नारळ फोडत नाही, पूजेचा खर्च धंद्याच्या वहीत टाकत नाही. दसऱ्याला भरपगारी सुट्टी. प्रसादाबद्दल १ करिंथ ८ आणि १० सावकाश वाचा: बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, पण कुणी मुद्दाम "हे नैवेद्याचं" म्हणून पुढं केलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. पौलाचा भर माणूस न दुखावण्यावर आहे, त्यामुळे नाकारताना तोंड वाकडं करू नका. "तुम्ही घ्या, मला चहा द्या" म्हणा.

बोनस दिवाळीला द्या, नाताळला नाही. कामगाराचा खर्च दिवाळीला असतो. आपला सण सोयीचा म्हणून दोन महिने थांबवणं म्हणजे त्याची मजुरी रोखणंच (याकोब ५:४). एका महिन्याचा पगार म्हणजे वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के. वीस कामगारांखाली कायद्याची सक्ती नसली तरी एवढं तरी द्यावं. रोजंदारीवरच्या बाईचे पैसे त्याच संध्याकाळी. अनुवाद २४:१५ मध्ये सूर्य मावळण्याआधी असं स्पष्ट आहे, "शनिवारी एकदम घेऊन जा" असं नाही.

आणि एक सांगू का, मशीनची पूजा करायची की नाही यावर तास-तास चर्चा होते आणि त्याच मशीनच्या पट्ट्यावर जाळी नसते. अनुवाद २२:८ काढा: घर बांधशील तर छपराला कठडा कर, नाहीतर कुणी पडून मेला तर रक्त तुझ्या घरावर. कांडप मशीनचा कठडा म्हणजे मोटर ते पुली पट्ट्यावरचं जाळीचं झाकण. बायका साडी-ओढणीत काम करतात, पदर पट्ट्यात गेला की हात सोडवायला वेळ मिळत नाही. बोट आत जाणार नाही अशी बारीक जाळी, नटबोल्टने बसवलेली, तारेने बांधलेली नव्हे. बंद करायचं बटण कामाला बसणारीच्या हाताच्या टप्प्यात हवं, भिंतीवर मागे नको. पल्वरायझरमध्ये ढकलायला लाकडी दांडा ठेवा, हात कधीच नाही. मिरचीच्या धुळीला बाहेर फेकणारा पंखा, नाका-तोंडाला मास्क आणि डोळ्याला गॉगल. रुमाल पुरत नाही. मोटरला अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारं). हे सगळं झालं की मग पूजेवर बोलू.

---

जुना_पंच

वरच्या उत्तराशी एका मुद्द्यावर सहमत नाही. कामगारांची श्रद्धा त्यांची, हे मान्य. पण जागा माझ्या नावाची आणि मशीनही माझं. मालक बाजूला उभा राहतो आणि पूजा होते, तर पाहणारा काय समजतो? मंडळीतला नवीन विश्वासू तर गोंधळतोच, आणि १ करिंथ ८ चा विषयच तो विश्वासात दुबळा भाऊ आहे. मी म्हणेन, खंडेनवमी आणि दसरा दोन्ही दिवस भरपगारी सुट्टी द्या, ज्याने-त्याने आपली हत्यारं, अडकित्ता-विळा काय असेल ते घरी नेऊन पुजावं. मशीन धुण्याचा दिवस वर्षातून दुसराच कुठला तरी ठेवा, म्हणजे तो सणाशी जुळणार नाही.

नवीन मशीन आलं की फिटर नारळ मागतो. पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) बोलावून उपकारस्तुतीची पाच मिनिटांची प्रार्थना करा, पेढे वाटा. फिटरला आणि कामगारांना हजर राहायची सक्ती नको. रोज सकाळी कामगारांना प्रार्थनेला उभं करणंही तसंच चुकीचं. ज्याच्या हातात पगार आहे त्याला "नको" म्हणणं सोपं नसतं, आणि सक्तीची प्रार्थना ही प्रार्थना नव्हेच. सूट, उधारी किंवा नोकरी कधीही मंडळीत येण्याशी जोडू नका.

वचन पिशवीवर छापू नका. ती पिशवी उद्या गटारीत असते. पाटीवर नाव "शालोम" किंवा "एबेनेजर" ठेवलंत तरी चालेल. पण "ख्रिस्ती दुकान, खात्रीचा माल" असलं काही लिहू नका. ज्या दिवशी काटा पाच ग्रॅम चुकेल त्या दिवशी तुमच्या नावासोबत दुसरं नावही बदनाम होतं.

---

कुपवाड_शॉप

जुने पंच, तुमचा मुद्दा मंडळीच्या बाजूने बरोबर आहे, पण हत्यार घरी न्यायला कामगाराकडे स्वतःचं हत्यार असावं लागतं. कांडपात तसं काही नसतं, त्यांच्या दृष्टीने मशीनच त्यांचं अन्न. ताईंनी दोन्ही बाजू बघून आपल्या विवेकाने ठरवावं.

---

मिरज_कांडप

सर्वांचे आभार. चार वजनांची चिठ्ठी छापायला टाकते, जाळीचंही मोजमाप घेतलं.

अजून दोन गोष्टी. मंडळीतल्या चार घरांची उधारी वर्षभर थकली आहे, मागायला संकोच वाटतो. आणि दुकान सखल भागात आहे, पुराचा विचार करून काय तयारी ठेवावी?

---

हिशेबनीस_सांगली

उधारी थकते ती बहुधा लिहून न ठेवल्यामुळे. विश्वासाची माणसं म्हणून आपण लिहीत नाही आणि मग विश्वासच जातो. प्रत्येक घराची पानं वेगळी, प्रत्येक उधारीवर त्यांची सही किंवा व्हॉट्सअॅपवर रक्कम पाठवून "बरोबर" असं उत्तर. मर्यादा आधी सांगा: एका घराला एका वेळी हजार, आणि मागचं फिटल्याशिवाय पुढचं नाही. मंडळीतल्याला आणि बाहेरच्याला एकच मर्यादा. आपल्यांना वेगळा भाव, वेगळी उधारी सुरू केली की बाहेरचं गिऱ्हाईक चार दिवसांत ओळखतं.

थकलेली उधारी मत्तय १८:१५-१७ च्या पायऱ्यांनी मागा. आधी एकटं जाऊन, उपासनेनंतर चार लोकांत नव्हे. जमत नसेल तर महिना शंभराचा हप्ता लिहून घ्या. त्यालाही उत्तर नाही तर दोघांचा विश्वास असलेला एक माणूस घेऊन जा. पोलिसात किंवा कोर्टात जाण्याआधी १ करिंथ ६ वाचा. चारांपैकी एखाद्या घरात खरंच पैसा नसेल, आजारपण असेल, तर स्पष्ट शब्दांत माफ करा, त्यांना तसं सांगा, आणि वहीत "बुडीत" लिहा. न मागता, न माफ करता लोंबकळत ठेवलेली उधारी सगळ्यात वाईट. ते घर तुमच्या दुकानासमोरून यायचं बंद होतं आणि पुढं मंडळीतूनही.

उधारीवर व्याज लावू नका. पैसे उसने देऊन व्याज घ्यायला महाराष्ट्रात सावकारी परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे. आणि निर्गम २२:२५ तर त्याच्याही आधीचा.

---

कृष्णाकाठ

पुराचं. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा सांगली-मिरजेच्या दुकानांत पाणी आलं तेव्हा दोन प्रकारचं नुकसान झालं: मालाचं आणि नावाचं.

माल वाचवायचा तर जूनच्या आधी मागचं पाणी कुठवर आलं होतं ती खूण भिंतीवर करा आणि पोत्यांची फळी तिच्या वर घ्या. जमत नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये साठा पंधरा दिवसांपुरताच ठेवा. मोटर कपलिंगसकट सोडवून वर नेता येईल असे बोल्ट बसवा. पाना त्याच फळीवर टांगलेला हवा, पेटीत शोधत बसायला वेळ नसतो. विजेचा बोर्ड खुणेच्या वर. दुकानाच्या विम्यात पूर हा शब्द आहे का ते पॉलिसी उघडून बघा, एजंटच्या तोंडावर विसंबू नका. मालाचे फोटो आणि खरेदीची बिलं फोनबाहेरही कुठेतरी ठेवा. बिलाशिवाय घेतलेल्या पोत्याला विमा कंपनी एक रुपया देत नाही, हे वरच्या चर्चेत राहून गेलं.

भिजलेली हळद, मिरची वाळवून विकू नका. वरून कोरडी दिसते, पण आत बुरशी धरते आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते दळल्याने जात नाही, भाजल्यानेही पूर्ण जात नाही. पुराचं पाणी म्हणजे गटारीचंही पाणी. पुरानंतर दोन-तीन आठवड्यांनी बाजारात अचानक स्वस्त हळकुंड आणि मिरची येते, ती काय असते समजून घ्या आणि घेऊ नका. तुमची भिजलेली पोती विम्याचा सर्व्हेअर येऊन गेल्यावर फोडून, त्यावर फिनाईल ओतून मगच टाका. नाहीतर कचऱ्यातून उचलून कुणीतरी ती विकतोच.

आणि त्या आठवड्यात मेणबत्ती, काडेपेटी, पाण्याच्या बाटल्या छापील किमतीवर एक रुपयाही न चढवता विका. शेजारचा चढवेल, गर्दी तुमच्याकडे येईल आणि माल दोन तासांत संपेल. म्हणून एका घराला दोन बाटल्या, एक पुडा मेणबत्त्या असं आधीच लिहून लावा, आणि मंडळीतल्या कुणासाठी पेटी मागे काढून ठेवू नका.

---

मिरज_कांडप

पॉलिसी उघडून बघितली. आग आणि चोरी आहे, पूर नाही. उद्याच बोलते.

---

कृष्णाकाठ

पूर जोडून घेतल्यावर मालाची रक्कमही बघा. हंगामात गोदामात जेवढा माल असतो तेवढ्याचा विमा हवा. कमी रकमेचा काढला असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कापतात: आठ लाखांचा माल, चार लाखांचा विमा आणि दोन लाखांचं नुकसान, तर हातात एकच लाख येतो.